लिक्विड मेटल सेलचा सेल्फ-डिस्चार्ज कमी कसा करायचा

आमच्याकडे इंजिनिअरिंगची मुलं लिक्विड मेटल सेल, म्हणजे वितळलेल्या धातूंची आणि मिठाची बॅटरी, घेऊन येतात तेव्हा त्यांच्या हातात बहुतेक वेळा एकच आकडा असतो. ‘मॅडम, चार्ज करून ठेवला आणि रात्रभरात पाच टक्के गेलं.’ न वापरताच चार्ज असा उतरणं म्हणजे सेल्फ-डिस्चार्ज. गेलं हे खरं, पण कुठल्या वाटेनं गेलं ते या आकड्यातून कळत नाही. वाट कळायच्या आत उपाय सुरू केलात तर महिनाभर मीठ बदलत बसाल आणि दोष निघेल झाकणातल्या इन्सुलेटरचा. म्हणून आधी गळती ओळखा, मग खर्चाला हात घाला.

भोसरी एमआयडीसीत आमचं सॉल्ट बाथ हार्डनिंगचं, म्हणजे वितळलेल्या मिठात स्टील तापवून कडक करायचं, युनिट आहे. वडिलांनी सुरू केलं. मी मेटलर्जी शिकले आणि आता त्याच शेडच्या एका बाजूला छोट्या भट्ट्या लावून लिक्विड मेटल सेलच्या चाचण्या करते. वितळलेलं मीठ आमच्या घरात दोन पिढ्यांपासून आहे, त्यामुळे खालचं बरंचसं त्या बाजूनं लिहिलेलं आहे. सौरऊर्जा दुपारची रात्रीला पुरवायची तर अशा जाग्यावर बसणाऱ्या, स्वस्त धातूंच्या बॅटऱ्या लागणार, असं मला मनापासून वाटतं.

चार्ज जातो कुठून

सेलमध्ये तीन थर घनतेनुसार आपोआप एकमेकांवर बसतात. वर लिथियम, कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमसारखा हलका धातू, मध्ये वितळलेलं मीठ, खाली अँटिमनी, बिस्मथ किंवा शिसं-अँटिमनीचा मिश्रधातू. मध्ये सेपरेटर, म्हणजे दोन्ही धातू वेगळे ठेवणारा पडदा, नाही. हीच या सेलची ताकद आणि हीच त्याची दुखरी जागा. वरचा धातू स्वतःच्याच मिठात थोडा विरघळतो, आयन होऊन नव्हे तर धातू म्हणूनच. मग तो मिठातून खाली सरकतो आणि अँटिमनीशी मिश्रधातू करून बसतो. बाहेरच्या तारेतून एकही इलेक्ट्रॉन न जाता डिस्चार्ज झाला. शिवाय अशा मिठातून थोडे इलेक्ट्रॉन सरळ वाहायलाही लागतात.

ही मुख्य वाट. दुसरी वाट ओलाव्याची: मिठातलं पाणी, हायड्रॉक्साइड, ऑक्साइड लिथियम खातात. तिसरी ओव्हरचार्जची: खालच्या मिश्रधातूतलं लिथियम संपल्यावरही करंट रेटत राहिलात तर अँटिमनी किंवा भांड्याचं लोखंड आयन होऊन मिठात उतरतं, वर जाऊन लिथियमवर बसतं, आणि तेवढं लिथियम वाया जातं. चौथी वाट सेलच्या रसायनाशी संबंधितच नाही. इन्सुलेटर, गळलेलं लिथियम, भट्टीतला धातूचा ट्रे, अर्थिंग, यांतून होणारा साधा शॉर्ट.

आधी मोजमाप

ओपन सर्किट व्होल्टेज (सेलला काही न जोडता मोजलेलं) बघून गळतीचा अंदाज बांधू नका. लिथियम-अँटिमनी किंवा लिथियम-बिस्मथमध्ये खाली घन संयुग तयार व्हायला लागलं की व्होल्टेजचा आलेख लांबवर सपाट राहतो. क्षमता कमी होत असते आणि मीटर मात्र जागचा हलत नाही.

भरवशाची रीत अशी. सेल काही सायकल चालवून स्थिरावू द्या. मग पूर्ण चार्ज करा आणि लगेच डिस्चार्ज करून क्षमता नोंदवा. पुन्हा चार्ज करून सहा तास विश्रांती द्या आणि डिस्चार्ज करा. मग चोवीस तास, मग बहात्तर. विश्रांतीचे तास आणि हरवलेली क्षमता यांचा आलेख काढा. सरळ रेष आली तर गळतीचा करंट स्थिर आहे, म्हणजे विरघळलेला धातू. पहिल्या सायकलींत मोठा तोटा आणि पुढे तो आटत गेला, तर ओलावा किंवा अशुद्धी खाऊन संपते आहे. आलेख वेडावाकडा, कधी चार्जिंग संपतच नाही, व्होल्टेज मध्येच पायऱ्या घेतं, तर मीठ सोडा आणि शॉर्ट शोधा.

दुसरी तपासणी वेगवेगळ्या करंटवर. गळती चार्जिंगलाही चालू असते आणि डिस्चार्जलाही, म्हणून कूलॉम्बिक एफिशिअन्सी (घातलेल्या चार्जपैकी किती परत मिळाला) म्हणजे करंट वजा गळती, भागिले करंट अधिक गळती. गळती दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिअँपिअर असेल तर १०० मिलिअँपिअरवर एफिशिअन्सी साधारण ९६ टक्के येते, २०० वर ९८, आणि ३०० वर ९८.७. करंट वाढवला की आकडा सुधारतो, तर ती गळती. सगळ्या करंटवर दर सायकलला सारखाच तोटा, तर दुसरी कुठली तरी रिअ‍ॅक्शन चालू आहे.

अंदाजासाठी एक प्रसिद्ध आकडा जवळ ठेवा. एमआयटीत डोनाल्ड सॅडोवे यांच्या गटानं २०१४ मध्ये लिथियम आणि अँटिमनी-शिसं हा सेल ४५० अंश सेल्सिअसला चालवून दाखवला. दर चौरस सेंटिमीटरला २७५ मिलिअँपिअरवर ९८ टक्के कूलॉम्बिक आणि ७३ टक्के एनर्जी एफिशिअन्सी. सगळा तोटा गळतीच्याच खात्यावर टाकला तरी ती २.८ मिलिअँपिअरच्या आसपास येते. तुमची गळती याच्या कितीतरी वर असेल तर दोष निवडलेल्या धातूंचा नाही, बांधणीचा आहे.

तिसरी तपासणी मला सगळ्यात आवडते, कारण ती थेट आहे. सेल पूर्ण चार्जच्या व्होल्टेजला धरून ठेवा आणि करंट स्थिर होईपर्यंत थांबा. शेवटी जो उरतो तोच गळतीचा करंट. इथे मीटरची निवड महत्त्वाची. ५० मिलिमीटर व्यासाच्या सेलचं क्षेत्रफळ सुमारे २० चौरस सेंटिमीटर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १ मिलिअँपिअर गळतीला तुम्हाला जेमतेम २० मिलिअँपिअर मोजायचे आहेत. १० अँपिअरचा बॅटरी टेस्टर फुल स्केलच्या ०.१ टक्का अचूक असला तरी त्याची चूकच १० मिलिअँपिअर. त्यामुळे सिरीजमध्ये ०.१ ओहमचा अचूक शंट (करंट मोजायचा रेझिस्टर) टाका, त्यावरचे मिलिव्होल्ट चांगल्या बेंच मल्टिमीटरनं वाचा, आणि व्होल्टेजच्या सेन्स तारा थेट सेलच्या टर्मिनलवरून घ्या. शंट, तारा, लग्ज असलं सगळं पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळतं, फक्त शंटचं मूल्य आणल्यावर स्वतः तपासून घ्या.

आणि मोजायच्या आधी सेल भट्टीत ठेवलाय कसा ते बघा. बहुतेक बांधणीत भांडं म्हणजेच पॉझिटिव्ह. दोन सेल सिरीजमध्ये जोडून एकाच स्टीलच्या ट्रेवर ठेवले तर तुम्ही स्वतःच शॉर्ट केलंत. प्रत्येक सेलखाली कोरडी सिरॅमिक प्लेट हवी. ती प्लेटसुद्धा दर वेळी पाहायची, कारण मिठाची वाफ तिच्यावर बसते, भट्टी गार झाली की ते मीठ ओलावा ओढतं, आणि पुढच्या वेळी तीच प्लेट करंट वाहून नेते.

मीठ निवडताना

विरघळण्याच्या बाबतीत धातूंचे स्वभाव ठरलेले आहेत. अल्कली धातूंमध्ये लिथियम आपल्या हॅलाइडमध्ये (क्लोराइड, फ्लोराइड, आयोडाइडसारख्या मिठात) सगळ्यात कमी विरघळतं, मग सोडियम, मग पोटॅशियम. पोटॅशियम आणि पोटॅशियम क्लोराइड ७९० अंशांच्या वर तर एकमेकांत हव्या त्या प्रमाणात मिसळतात. १९६० च्या दशकात अमेरिकेत आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत सोडियम-बिस्मथ सेलवर काम झालं. सोडियम स्वस्त आहे, ९८ अंशांना वितळतं, पण मिठात विरघळण्याच्या सवयीमुळे त्याची गळती आवरणं कठीण. कॅल्शियमही आपल्या क्लोराइडमध्ये बऱ्यापैकी विरघळतं. मॅग्नेशियम त्या मानानं शहाणं, पण अँटिमनीसोबत त्याचा सेल सॅडोवे आणि ब्रॅडवेल यांनी २०१२ मध्ये ७०० अंशांना चालवला होता. एवढ्या तापमानाला सील आणि भांडं दोन्ही लवकर थकतात.

किती फरक पडतो याचा साधा हिशोब करून बघा. गळतीचा करंट म्हणजे फॅरेडे स्थिरांक (एक मोल इलेक्ट्रॉनचा चार्ज) गुणिले डिफ्यूजनचा, म्हणजे धातू मिठातून पसरण्याचा, वेग, गुणिले विरघळलेल्या धातूचं प्रमाण, भागिले मिठाची जाडी. लिथियम क्लोराइडसारखं मीठ, जाडी १ सेंटिमीटर, डिफ्यूजन सेकंदाला ०.००००५ चौरस सेंटिमीटर धरा. हजारात एक भाग लिथियम विरघळलं असेल तर गळती दर चौरस सेंटिमीटरला ०.१७ मिलिअँपिअर. शंभरात एक असेल तर १.७. सेलची क्षमता दर चौरस सेंटिमीटरला अर्धा अँपिअर-अवर असेल, तर १ मिलिअँपिअर गळतीला दिवसाला जवळपास ५ टक्के जातात. दुपारी भरून रात्री वापरायच्या बॅटरीला हे चालून जातं. तीन दिवस ढग राहिले तर चालत नाही, आणि पुण्यात जुलैमध्ये ढग तीन दिवसांवर थांबत नाहीत.

प्रमाण कमी करायचे उपाय तीन. एक, मिठात त्या धातूचा स्वतःचा हॅलाइड गरजेपुरताच ठेवा आणि बाकी दुसऱ्या हॅलाइडनं पातळ करा. कॅल्शियमच्या बाबतीत याचा फायदा स्पष्ट दिसतो. पण पातळ करताना लिथियम सेलमध्ये पोटॅशियम क्लोराइड आलं तर लिथियम त्यातलं थोडं पोटॅशियम सुटं करतं, आणि ते वाफ होऊन झाकणाकडे जातं. म्हणून मी लिथियमसाठी शक्यतो सगळे लिथियमचेच हॅलाइड वापरते. लिथियम फ्लोराइड, क्लोराइड आणि आयोडाइड २०:५०:३० या मोलच्या प्रमाणात घेतलं की मिश्रण ४३० अंशांच्या आसपास वितळतं आणि करंटही छान वाहतो.

दोन, तापमान उतरवा. वितळणबिंदूच्या वर ३० ते ५० अंश पुरेत. त्याहून कमी ठेवलंत तर कोपऱ्यात मीठ गोठतं, आणि जास्त ठेवलंत तर विरघळणं आणि डिफ्यूजन दोन्ही वाढतात. मात्र तापमान मोजणारा थर्मोकपल भट्टीच्या भिंतीला नको, सेलला टेकलेला हवा.

तीन, वरचा धातूच मिश्रधातू करून वापरा. कॅल्शियममध्ये मॅग्नेशियम मिसळलं की कॅल्शियमची मिठात उतरायची ओढ कमी होते आणि ते शुद्ध कॅल्शियमच्या ८४२ अंशांपेक्षा बरंच खाली वितळतं. व्होल्टेज थोडं जातं. ते द्यावं.

मीठ वाळवणं

सगळ्या कामात इथे वेळ घालवा. आमच्या हार्डनिंगच्या बाथमध्ये ऑक्साइड वाढला की जॉबच्या पृष्ठभागाचा कार्बन जातो आणि गिऱ्हाइकाचा टूल मऊ पडतो. इथे तोच ऑक्साइड लिथियम घेतो. आमचे जुने मिस्त्री, ज्यांना सगळे मामा म्हणतात, प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या दिवशी एकच सांगतात, ‘बाळा, मिठाला घाई दाखवू नको.’

लिथियम क्लोराइड, आयोडाइड, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम क्लोराइड, सगळीच हवेतलं पाणी ओढतात. पावसाळ्यात भोसरीत लिथियम क्लोराइडची बाटली उघडी ठेवली तर चहा पिऊन येईपर्यंत दाणे एकमेकांना चिकटतात. वाळवणं पायरीपायरीनं करा. व्हॅक्यूममध्ये ८० अंशांना रात्रभर, मग हळूहळू २५० अंशांपर्यंत नेऊन तिथे पुन्हा रात्रभर, आणि मगच आर्गॉन वायूखाली वितळवा. मॅग्नेशियम क्लोराइडला ही चालही जास्त होते. पाणी असताना ते तापवलं की हायड्रोजन क्लोराइड सोडून त्याचं ऑक्साइड होतं, आणि मग कितीही वाळवा, परत येत नाही. ते निर्जलच विकत घ्या आणि ग्लव्हबॉक्समध्येच (आर्गॉन भरलेल्या हवाबंद पेटीत) फोडा.

वाळलं का, हे डोळ्यांनी थोडंच कळतं. मॅग्नेशियमच्या मिठात ऑक्साइड विरघळत नाही, म्हणून वितळलेलं मीठ गढूळ दिसतं आणि तळाशी पांढरा गाळ बसतो. आयोडाइड बिघडलं तर पिवळसर झाक येते. पण लिथियम आणि कॅल्शियम क्लोराइडमध्ये ऑक्साइड चांगला विरघळतो. मीठ काचेसारखं नितळ दिसतं आणि तरी खराब असतं. त्याला एक स्वस्त चाचणी आहे. वितळवून गार केलेल्या क्लोराइडचा ग्रॅमभर खडा उकळून गार केलेल्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवा आणि फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाका. गुलाबी झालं तर हायड्रॉक्साइड किंवा ऑक्साइड आहे. फार पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या थेंबांनी रंग घालवा, थेंबांवरून प्रमाण काढा आणि वहीत लिहा. रंगहीन राहिलं तर पुढे जा. ही चाचणी फ्लोराइड मिसळायच्या आधीच करायची.

शेवटचा उरलेला ओलावा प्री-इलेक्ट्रोलिसिसनं काढा. वितळलेल्या मिठात दोन टंगस्टनच्या काड्या सोडा आणि मिठाच्या विघटनाच्या व्होल्टेजपेक्षा बरंच खाली धरा. सुरुवातीला करंट जास्त असतो, मग उतरत जातो. तो खाली येऊन सपाट झाला की थांबा.

आर्गॉन ९९.९९९ टक्केवाला घ्या. पैसे वाचवायला नायट्रोजन वापरू नका. लिथियम नायट्रोजनशीही जुळतं.

मिठाची जाडी आणि शांतता

जाडी दुप्पट केली की गळती निम्मी होते, पण रेझिस्टन्सही दुप्पट होतो. मिठाची कंडक्टिव्हिटी सेंटिमीटरला २ सीमेन्स आणि करंट दर चौरस सेंटिमीटरला ०.२ अँपिअर असेल, तर दीड सेंटिमीटर मिठात ०.१५ व्होल्ट जातात, तीनमध्ये ०.३. सेलचं व्होल्टेजच एक व्होल्टच्या आत आहे. म्हणून जाडी वाढवून गळती आवरायचा मोह धरू नका. दीड सेंटिमीटरच्या आसपास थांबा.

जाडीपेक्षा मीठ ढवळलं जाणं जास्त नुकसान करतं. वरचा हिशोब मीठ स्थिर असेल तरच खरा. भट्टीचा तळ गरम आणि झाकण गार असेल तर मिठात प्रवाह सुरू होतात आणि विरघळलेलं लिथियम ते धावत खाली पोचवतात. उलट करा. वरची झोन खालच्यापेक्षा थोडे अंश गरम ठेवा. विहिरीत उतरलं की वर कोमट आणि खाली गार पाणी थरांत पडून असतं, तसं मीठ थरांत राहतं. आमच्या भट्टीला दोन वेगळे कंट्रोलर लावले आहेत ते याचसाठी. एका कंट्रोलरची भट्टी असेल तर झाकणावर इन्सुलेशनचा थर वाढवूनही बराच फरक पडतो.

लिथियम धरून ठेवणं, आणि इन्सुलेटर

लिथियम निकेल-लोखंडाच्या फोममध्ये, म्हणजे स्पंजासारख्या सच्छिद्र धातूत, मुरवून धरतात. फोम आधी लिथियमनं नीट भिजलेला हवा आणि काठोकाठ भरू नका. चार्जिंगमध्ये लिथियम वाढतं, फोमबाहेर फुगतं, आणि भांड्याच्या भिंतीला टेकलं की संपलं.

झाकणातल्या इन्सुलेटरला ॲल्युमिना स्वस्त पडतं, पण लिथियमची वाफ त्याला खाते. बोरॉन नायट्राइड किंवा ॲल्युमिनियम नायट्राइड घ्या. बोरॉन नायट्राइडमध्ये बोरिक ऑक्साइडचा बाइंडर असेल तर तो ओलावा धरतो, म्हणून बाइंडर नसलेलं मागा आणि वापरण्याआधी व्हॅक्यूममध्ये भाजून घ्या.

उघडून बघायचं असेल तर

गोठवलेला सेल ग्लव्हबॉक्समध्येच कापा, कोरडा. पाण्याचा कूलंट चालवणारं कटिंग मशीन अजिबात नको. लिथियम-अँटिमनीच्या संयुगाला पाणी लागलं तर स्टिबीन हा अत्यंत विषारी वायू सुटतो. हाताशी कोरडी ग्राफाइट पावडर ठेवा. लिथियमच्या आगीवर पाणी, फोम, कार्बन डायऑक्साइड यातलं काही चालत नाही.

कापलेल्या तोंडाकडे नीट बघा. चांगल्या सेलचं मीठ जवळपास सगळं पांढरं असतं आणि फक्त लिथियमच्या लगतच्या अरुंद पट्ट्यात करडं होत जातं. सगळं मीठ काळसर असेल तर धातू फार विरघळला आहे, तापमान आणि मिश्रण तपासा. करड्या पट्ट्यात चमकणारे बारीक मणी दिसले तर फोम नीट भिजला नव्हता आणि लिथियम थेंबाथेंबानं सुटत होतं. खालच्या मिश्रधातूवर घन संयुगाचा उंचवटा येऊन तो वरपर्यंत पोचला असेल, तर तुमचा शॉर्ट तिथे आहे. डिस्चार्ज कमी खोल करा.

चालवताना

चार्जचा कटऑफ व्होल्टेजवर ठेवा, नुसत्या अँपिअर-अवरवर नको. गळतीमुळे अँपिअर-अवरचा हिशोब दर सायकलला सरकतो आणि नकळत ओव्हरचार्ज होतो. विश्रांतीत ठेवायचा सेल शक्य तितका उशिरा भरा. पहाटे लागणार असेल तर संध्याकाळी भरून टाकायची गरज नसते.

जास्त दिवस ठेवायचा असेल तर सरळ गोठवा. मीठ घन झालं की आयनही थांबतात आणि विरघळलेला धातूही. गोठलेल्या मिठाच्या थर्मल बॅटऱ्या याच गुणावर वर्षानुवर्षं कपाटात टिकतात. आमच्याकडे गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, आणि भट्टी गार होणारच असते, म्हणून बुधवारी संध्याकाळीच सेल अर्धा चार्ज ठेवून तासाला ५० अंशांच्या बेतानं खाली आणतो. घाईनं गार केलं तर सीलला तडा जातो, आणि शुक्रवारी तोच तडा हवा आत घेतो. पुन्हा तापवल्यावर लगेच चार्ज लावू नका. तापमान स्थिर होऊ द्या, सेल त्याच्या त्या वेळच्या व्होल्टेजला तासभर धरा आणि शंटवरचे मिलिव्होल्ट वाचा. बुधवारी संध्याकाळी गोठवण्याआधी त्याच व्होल्टेजला घेतलेल्या आकड्याशी ते जुळले तरच सायकल सुरू करा.